आरसा जागेवर

१

चित्रातला तारा तिसऱ्यांदा विझला, तेव्हा त्याचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडायचं ठरलं.

बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात, दोन खोल्यांत, दिगंबर मास्तर एकटेच राहत. विज्ञान शिकवणं सोडून नऊ वर्षं झाली होती. तरी कुणाची सायकल हरवली, कुणाच्या विहिरीचं पाणी एकाएकी खारट झालं, की लोक आधी मास्तरांचा उंबरा गाठत. शोध लावायची त्यांना खोडच होती. पण त्या सकाळी उपग्रहाच्या नकाशांचं काम बघणाऱ्या प्रभाकर साहेबांनी त्यांच्या खाटेवर मोठाले कागद पसरले, आणि हा शोध आपल्या वाट्याला येऊ नये असं मास्तरांना पहिल्यांदाच वाटलं.

"बघा सर. बारा नोव्हेंबर. अकरा जानेवारी. आणि हा परवाचा, बारा मार्च."

कागदांवर बुऱ्हाणपूर होतं, पण डोळ्यांना दिसतं तसं नव्हे. उपग्रह सूक्ष्मलहरी खाली सोडतो, त्या जमिनीला लागून उलटतात, त्या उलटलेल्या लहरींचं हे चित्र. त्याला ऊन लागत नाही, ढग आडवे येत नाहीत. तापी काळ्या फितीसारखी, केळीची वावरं खरबरीत करडी, आणि जिल्ह्यात पाच जागी पाच पांढरे ठिपके. पाच तारेच. प्रत्येक ताऱ्याखाली जमिनीवर एक वस्तू उभी होती: ॲल्युमिनियमचे तीन त्रिकोणी पत्रे, खोलीच्या कोपऱ्यासारखे एकमेकांना काटकोनात जोडलेले, तोंड आभाळाकडे. आलेली लहर आल्या वाटेनं परत धाडायची, एवढंच त्यांचं काम. पाचही जागा बोटाच्या पेरापर्यंत मोजलेल्या. चित्र या पाच खुंट्यांना ताणून बांधायचं, म्हणजे ते कुठे सरकलंय ते कळतं.

आणि चित्र सरकलेलं होतं. सात मीटर, पूर्वेला. देशभर राज्याराज्यांचे नकाशे एकात एक जोडायचं काम चाललं होतं, आणि बुऱ्हाणपूरहून निघालेला रस्ता महाराष्ट्राच्या कागदावर जाईतो सात मीटर बाजूला पडत होता. ही चूक पकडली वसंतनं. जवळच्या बहादरपूरचा वसंत, मास्तरांचा विद्यार्थी, पुढे प्रभाकरांच्या हाताखाली लागलेला. ती कशी काढायची तेही त्यानं लिहून ठेवलं, आणि मागल्या ऑक्टोबरात, एकोणतिसाव्या वर्षी, चार दिवसांच्या तापात तो गेला.

"एरवी बहादरपूरच्या ताऱ्याचा उजेड शंभर धरा," प्रभाकर म्हणाले. "नोव्हेंबरात वीस. जानेवारीत वीस. मार्चमध्ये पन्नास. मधल्या सगळ्या फेऱ्या चोख. उपग्रह दर बारा दिवसांनी सकाळी सहाला जातो. म्हणजे दर पाचव्या फेरीला, बरोबर साठ दिवसांनी तारा मंदावतो. यंत्रासारखी चूक आहे सर. बसवतानाच काहीतरी सैल राहिलं असणार."

"बसवलं वसंतनं."

"हो. नाहीतर राखणदार निंबा लक्ष देत नाही आणि वहीत सगळं ठीक म्हणून लिहितो. काहीही असो, महिनाअखेर बहादरपूर यादीतून काढावं लागेल. सगळ्यात जास्त मोजमापं तिथलीच, म्हणजे सात मीटरची दुरुस्तीही गेली."

"आणि तिच्याखालचं त्याचं नाव?"

प्रभाकरांनी कागदांची गुंडाळी केली. "आधारच नसलेल्या गोष्टीखाली नाव कसं ठेवू, सर?"

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांना आठवलं, उपग्रहाच्या यंत्राची पहिली जुळणी या प्रभाकरांनीच केली होती. वसंतची दुरुस्ती खरी ठरली, तर ती चूक मग कुणाची?

२

बहादरपूरला निंबा वावराच्या बांधावरच भेटला. वसंतचा सख्खा मामा. धोतर, कानात तांबडी भिकबाळी, बगलेत पुठ्ठ्याची वही.

"या सर. आमचा आरसा पाहाले आले?"

आरसा. तो शब्द मास्तरांचाच. दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर वसंत घाम पुसत 'त्रिकोणी परावर्तक' समजावत होता आणि समोर माणसं जांभया देत होती. तेव्हा मास्तर उठले आणि म्हणाले, "अरे, हा आरसा समजा. वरून उपग्रह वाकून बघतो, त्याला यात आपलंच तोंड चमकताना दिसतं." सगळे हसले, सगळ्यांना कळलं, आणि त्या दिवसापासून गावानं त्या पत्र्यांना दुसरं नाव लावलं नाही.

मास्तरांनी आरशाभोवती फेरी मारली. बोल्ट घट्ट, पाया अढळ, पाणी जायचं भोक मोकळं. कुठं पोचा नाही. वसंतनं बसवलेलं काहीही सैल नव्हतं. हे पाहून त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण आठवत राहिला तो वसंतच. इथंच उभं राहून तो सांगायचा, "सर, या लहरींना अंधार दिसत नाही, ढग दिसत नाही. पाणी मात्र दिसतं. मागच्या फेरीला आईची वाळकी गोधडी टाकून पाहिली, तारा जसाच्या तसा. या फेरीला तीच ओली करून टाकली, तारा गायब! आई म्हणते, माझी गोधडी उपग्रहाला दाखवतोस, फाटकी दिसली असेल ना रे?"

वरच्या कडांवर मात्र डाग होते. काळपट तपकिरी, वरून खाली ओघळलेले. मास्तरांनी नखानं खरवडले, निघेनात.

"हे काय रे निंबा?"

"पत्रा हाये सर. डाग पडतेच." निंबानं दुसरीकडे पाहिलं.

शेजारच्या केळीतून कडू आला. वावर त्याचं, आणि जिभेला हाड नाही.

"उचला हे इथून सर! दहा खोडांची जागा खाल्ली याच्यानं. बाकी तुमच्या निंब्याची राखण एक नंबर. आरसा राखते, अन् माही केळी लुटू देते."

"काय लुटलं?"

"पानं हो. पाच-पाच पानं, कोवळी, इळ्यानं साफ कापेल. म्हयन्यातून एकदा जातेच. मेहमान येत असतीन कोणाकडे जेवाले, मालूम नही."

"तू नाही कापलीस?"

"माही पानं मी चोरू? खोपडी फिरली का माही?"

निंबा पटकन म्हणाला, "सर, चहा घेऊ चला." त्याची वही मास्तरांनी मागून घेतली. निघताना त्यांची नजर कडूच्या धोतरावर गेली. मांडीवर काळपट तपकिरी डाग होते, वरून खाली ओघळलेले. अगदी आरशावर होते तसे.

केळीचा चीक. एकदा लागला की धुऊन जात नाही.

३

सरुबाईकडे न जाता परतणं शक्य नव्हतं. वसंतची आई. अंगणात बसून ती तूर पाखडत होती, आणि सुपाच्या तालावर, कुणी ऐकतंय याचं भान नसल्यासारखी म्हणत होती:

माझा पाव्हणा यायचा, दारी घालिते ग सडा
हिरव्या पदराखाली, झाके आरशाचा तुकडा

मास्तरांची चाहूल लागताच सूप थांबलं.

"बसा सर. वसंत्या असता तं तुमाले केळीचे वेफर आणाले सायकल काढली असती त्यानं."

घरात काही बदललं नव्हतं. खुंटीवर त्याचा शर्ट, कोनाड्यात त्याचा मोजपट्टीचा डबा. भिंतीवरच्या छोट्या आरशाला वरून एक फडकं गुंडाळून ठेवलं होतं, खाली सोडलं की पडदा व्हावा तसं.

"सर, त्याचं नाव छापून येनार व्हतं ना? तो म्हणे, आई, पुस्तकात पहिलं नाव माहं राहीन. मले वाचता येत नाही. पण मी त्याच्यावर बोट ठेवलं असतं."

मास्तरांना 'येईल' म्हणायचं होतं. त्याऐवजी त्यांनी विचारलं:

"सरुबाई, आरशाशी कुणी काही करत होतं का? कडू, किंवा दुसरं कुणी?"

तिच्या हातातलं सूप किंचित कललं, तुरीचे चार दाणे जमिनीवर सांडले. ते तिनं एकेक करून वेचले, जरा जास्तच वेळ लावून.

"कोन काय करीन?" ती म्हणाली. "माह्या लेकराची निशाणी हाये ती."

४

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी संशयितांची मोळी सोडायला घेतली.

आधी कडू. बारा मार्चला सकाळी तो होता कुठे? चौकशी केली तर दहा तारखेपासून पाच दिवस तो देडतलाईला, लेकीच्या घरी. तिथल्या बाजारात त्याला अर्ध्या गावानं भांडताना पाहिलं होतं. चिकाचे डाग तर इथल्या प्रत्येक केळीवाल्याच्या धोतरावर. कडू सुटला.

मग प्रभाकर. त्यांच्या टेबलापुढे बसून मास्तरांनी सरळच विचारलं, "वसंतची दुरुस्ती बुडाली तर तुमची चूक झाकली जाते. खरं ना?"

प्रभाकर रागावले नाहीत. खणातून अहवालाचा कच्चा मसुदा काढून त्यांनी पुढे सरकवला. पहिल्याच पानावर त्यांच्या अक्षरात होतं: 'मूळ जुळणी माझी. सात मीटरची चूक माझी. ती वसंतने शोधली.'

"हे छापायचं म्हणून सहा महिने बसलोय सर," ते हळूच म्हणाले. "पण वरचे लोक पुरावा मागतात, आणि तो प्रामाणिक हवा. तुम्हाला काही सापडलं तर मला हवंच आहे."

उरला निंबा. मास्तर घरी आले आणि वही उघडून बसले. रोजची एकच ओळ, पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात: 'आरसा साफ. जागेवर.' पानामागून पान तेच. मास्तर कंटाळून पानं उलटत होते आणि बारा नोव्हेंबरपाशी त्यांचं बोट थांबलं.

'आरसा जागेवर.'

एवढंच. 'साफ' नव्हतं.

अकरा जानेवारी: 'आरसा जागेवर.' बारा मार्च: 'आरसा जागेवर.'

मास्तर ताठ झाले. निंबाला खोटं लिहिता येत नव्हतं. म्हणून जे खरं होतं तेवढंच त्यानं लिहिलं होतं, आणि उरलेला शब्द गिळला होता.

त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली, या वेळी फक्त तो हरवलेला शब्द शोधत. अकरा ते तेरा नोव्हेंबर, नाही. दहा ते बारा जानेवारी, नाही. दहा ते बारा मार्च, नाही. पण अकरा ते तेरा डिसेंबरलाही नव्हता! आणि आठ ते दहा फेब्रुवारीलाही! त्या दिवसांत उपग्रह वरून गेलाच नव्हता, म्हणून चित्रात काही उमटलं नाही, म्हणून प्रभाकरांना ते कळलं नाही. साठ दिवसांची गोष्ट नव्हतीच. ती महिन्यातून एकदा घडत होती. कडूची पानं जात होती तशीच.

पण तारीख दर वेळी वेगळी. अकरा, अकरा, दहा, आठ, दहा. हा कसला महिना?

भिंतीवर कॅलेंडर होतं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि तारखेखालची बारीक अक्षरं वाचली. मग मागची पानं उलटली. पाचही वेळा तेच.

वद्य पंचमी.

मास्तरांनी कोजागिरीपासून बोटांवर दिवस मोजले. कोजागिरीला शाळेच्या गच्चीवर वसंत त्यांच्याबरोबर दूध प्यायला होता. "डोकं जरा दुखतंय सर," म्हणाला होता. त्यानंतर पाचव्या दिवशी ते सगळे तापीच्या काठावर उभे होते.

५

निंबा आणि सरुबाई दोघं ओसरीवर होती. मास्तर उभ्यानंच बोलले, आवाज शक्य तितका खाली ठेवून.

"वसंतच्या तिथीला आरशावर केळीची हिरवी पानं पडतात. पाच. तीन दिवस राहतात, चौथ्या सकाळी कुणीतरी ती काढतं. हिरव्या पानात पाणी भरलेलं असतं आणि लहर पाण्यात अडते, म्हणून तारा विझतो. नोव्हेंबरात आणि जानेवारीत पानं कालचीच होती, उजेड वीस. मार्चमध्ये तिसरा दिवस होता, ऊन कडक, पानं निम्मी वाळली होती. उजेड पन्नास. बोल्ट सैल असता तर असा हिशेब जुळला नसता." ते थांबले. "निंबा, तू वहीत खोटं लिहिलं नाहीस. फक्त बहिणीचं नाव लिहिलं नाहीस."

निंबानं कपाळावर हात मारून घेतला. "सर, मी रोखाले पाह्यजे व्हतं. पण तिची हालत तुमी पाह्यली नाही त्या दिवशी."

 सरुबाई एकदम म्हणाली, "तुमीच तं म्हणले व्हते ना, सर. का हा आरसा हाये."

 मास्तर ओसरीच्या कडेला टेकले.

"आमच्याकडे माणूस गेलं का आरसा झाकते. सुतकात घरातला झाकला. वावरातल्याची मले सुधच नव्हती. मंग पयल्या म्हयन्याच्या तिथीले आठवलं, अगं बाई, त्याचा सोताचा आरसा तं उघडाच राहिला! तिथीले तो येते, सर. अन् घरी आधी थोडीच येईन? आधी वावरात जाईन, त्याच्या आरशापाशी. वाकून पाहीन. अन् त्याच्यात तोंड नाही दिसलं, तं त्याले समजून जाईन."

"काय समजेल, सरुबाई?"

तिनं पदर तोंडावर धरला.

"का आपण मेलो म्हणून."

कोंबड्या अंगणात तूर टिपत होत्या. त्यांना कुणी हाकललं नाही.

गुन्हेगार सापडला होता. तो होता 'आरसा', 'परावर्तक' सोपं करायला मास्तरांनी गावाच्या हातात ठेवलेला एक शब्द. आणि त्या शब्दाखाली एक आई आपल्या लेकाचं नाव, स्वतःच्या हातानं, पानं घालघालून पुसत होती. हे तिला कसं सांगायचं?

सांगावं लागलंच. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे त्याचं नाव माह्यामुळे जात व्हतं?"

"जाणार नाही," मास्तर म्हणाले. "आणि तुम्हाला आरसा उघडाही ठेवावा लागणार नाही. वाळकी पानं घाला. तुमची गोधडी आठवते ना? वाळकी होती तेव्हा तारा हलला नव्हता. डोळ्यांना झाकलेला दिसेल, उपग्रहाला उघडा."

६

प्रभाकरांनी पुरावा मागितला होता, तो त्यांना मिळाला. चोवीस मार्चला कडूनं स्वतः पाच हिरवी पानं कापून दिली, शिव्या देतच. तारा विसावर आला. पाच एप्रिलला तीच पानं, खडखडीत वाळलेली, आरशावर पसरली, तारा लख्ख. प्रभाकर बहादरपूरला आले आणि पत्र्यांना हात लावून उभे राहिले. "त्याचं बसवणं चोख होतं," ते म्हणाले. अहवालात दुरुस्ती राहिली, तिच्याखाली नाव राहिलं. पुरावा म्हणून निंबाच्या वहीची नक्कलही जोडली.

नऊ एप्रिलला पुन्हा वद्य पंचमी होती. उपग्रहाची फेरी नव्हती. त्या सकाळी वरून कुणीच बघणार नव्हतं. मास्तर तरी गेले, निंबा तिथंच होता. सरुबाई डोक्यावर वाळक्या पानांचा भारा घेऊन आली, मान फिरवून, आत न बघता, तिनं एकेक पान आरशावर ठेवलं. पाचवं पान तिच्या हातातच राहिलं.

"सर, वाळक्या पानातून त्या वरच्याले दिसते म्हणता."

"हो."

"मंग वसंत्याले दिसनार नाही कशावरून? तोबी आता वरच हाये."

 

 मग सरुबाईनं ठेवलेली चार पानं उचलली, एक एक, झोपलेल्या लेकरावरचं पांघरूण काढावं तशी. आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच ती त्या कोपऱ्यावर वाकली.

"अरे," ती म्हणाली. "याच्यात तं माहं तोंडबी दिसत नाही."

"नाही दिसत," मास्तर म्हणाले. "पत्रा आंधळा आहे, सरुबाई. यात कुणाचंच दिसत नाही. मी चुकीचा शब्द दिला तुम्हाला."

तिनं पत्र्यावरून हात फिरवला. चिकाच्या डागांवरून, वसंतनं आवळलेल्या बोल्टांवरून.

"मंग त्याले अजून समजलंच नसंन," ती म्हणाली. "येत असंन बिचारा दर म्हयन्याले, अन् कोनी बोलत काबरं नाही म्हणून परत जात असंन."

ती तिथंच मातीत बसली, पत्र्यांच्या त्या कोपऱ्यापाशी तोंड नेऊन.

"जा तुमी दोघं. मी सांगते त्याले."

मास्तर आणि निंबा केळीच्या आड गेले. शब्द ऐकू येत नव्हते, नुसता आवाज येत होता, सुपाच्या तालासारखा, थांबत, पुन्हा सुरू होत. निंबानं वही उघडली, पेन्सिल जिभेला लावली, आणि डोळे पुसून, मोठ्या अक्षरात लिहिलं:

'आरसा साफ. जागेवर.'